दाजींचा समुद्र आणि अक्काची साक्ष

बीडमध्ये समुद्र आणला तो आमच्या दाजींनी. त्याआधी आमच्याकडे समुद्र होता तो भूगोलाच्या वहीत, निळ्या रंगाने भरायची जागा म्हणून. ज्या गावात नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे छातीठोकपणे कोणी सांगत नाही, तिथे एका लोखंडसामानाच्या दुकानात भरती-ओहोटीवर रोज चर्चा व्हायची. बिजागऱ्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बिजागऱ्यांबरोबर डॉल्फिनही घेऊन जायचं आणि त्याचे जादा पैसे पडत नसत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. अंगाने भरलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. अंडं घातलेला केक ज्या घरात गेला तिथे ते आठवडाभर चहासुद्धा घेत नसत. असा माणूस मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या मागे लागावा याचं कारण मी पुस्तकांत पुष्कळ शोधलं. ते अखेर त्यांच्याच तोंडून कळलं.

दाजींचं मूळ गाव अंबाजोगाईच्या पलीकडे, लातूरच्या हद्दीला लागून. तिथलं त्यांचं शेत त्यांच्या वडिलांच्या काळातच एका तलावाखाली गेलं. मोबदला मिळाला, त्यातून बीडचं दुकान उभं राहिलं, दुकान चांगलं चाललं, तेव्हा या गोष्टीत डोळे पुसण्यासारखं काही नाही. पण दाजी थंडीत एकदा तरी त्या तलावाच्या काठी जाऊन उभे राहत आणि विचारलं तर "वावरावर गेलतो" असं सांगत. एकदा तिथे पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा बसलेला त्यांना दिसला. तलावावर मत्स्यबीज सोडायला आलेल्या माणसाने सांगितलं की हे पक्षी समुद्राकडचे, थंडीपुरते इकडे येतात. दाजी तसेच बसने बीडला आले ते माझ्या घरी. मी कॉलेजात शिकवत असल्यामुळे जगातल्या सगळ्या चौकशा माझ्या दारात येत. "मास्तर," ते म्हणाले, "आपल्या वावरावर कुणीबी येऊन बसतंय. ते कुठलं, कुणाचं, बघाया नको का?" मला वाटलं, चहा घेऊन विसरतील. त्या वर्षीच्या येळवसला ते भाड्याची जीप करून कोकणात गेले.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर-उस्मानाबादकडची आणि आमच्या हद्दीवरच्या गावांतली घरंच्या घरं कुलूप लावून शेतात जातात. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पूजा मांडायची, आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे पोटभर खायचे, आणि हिरव्या ज्वारीभोवती आंबील शिंपत फेरी मारायची. ज्याला शेत नाही त्याला कोणी ना कोणी आपल्या शेतात बोलावतं. दाजींना आम्ही, म्हणजे अक्काच्या माहेरची माणसं, बोलवायचो. जावई म्हणून त्यांना कोपीत मधोमध बसवलं जाई, पहिला उंडा त्यांच्या ताटात पडे, आणि नेमकं तेच त्यांना खुपायचं. "सासऱ्याच्या वावरात येळवस करायची म्हंजे शेजाऱ्याच्या आरशात बघून दाढी करायची," असं ते म्हणत. समुद्राचं तसं नव्हतं. समुद्र कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हता, तेव्हा तिथे ते पाहुणे नव्हते. शिवाय अमावास्येला लोखंड घेऊ नये अशी आमच्या बाजारपेठेची समजूत, त्यामुळे दुकान बंद ठेवण्यात तोटाही नव्हता. असं धर्म, व्यवहार आणि कुतूहल यांचं एकमत फार क्वचित होतं. मग दर वर्षी येळवस आली की अक्का आमच्या शेतात आणि दाजी समुद्रात, अशी वाटणी पडून गेली.

या व्यवस्थेत एकच अडचण होती आणि ती कोकणातल्या नाववाल्याने पहिल्याच वर्षी सांगितली होती. मालवणच्या खालच्या अंगाला एक लहानसं बंदर आहे. तिथून तासाभरावर खडकाची बेटं लागतात आणि त्यांवर हिवाळ्यात पक्षी बसतात. पण अमावास्येला समुद्राला उधाण असतं, उतरायची कपार पाण्याखाली जाते आणि नाव खडकाला लावता येत नाही. "शेटानू, अष्टमीक येवा. तेवा बेटार उतरूक गावता," असं तो दर वर्षी सांगे. दाजी दर वर्षी विचारत, "येळवस अष्टमीला येती का?" नाववाला नांगर उचलायला लागे. अशा रीतीने जगातला सगळ्यात गैरसोयीचा दिवस निवडून दाजी वर्षानुवर्षं त्या बेटाभोवती प्रदक्षिणा घालून परत येत होते आणि त्यांना त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. देवळालाही प्रदक्षिणाच घालतात, आतल्या देवावर कोणी चढून बसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्यांची तयारी बघण्यासारखी असे. बीडहून ते पाण्याचे कॅन भरून नेत. मी एकदा म्हणालो, "दाजी, आपण समुद्राला चाललोय." ते म्हणाले, "म्हणूनच." बंदरावर पोचल्यावर सगळ्यांत आधी नाव धुवायची. जिच्यात आदल्या दिवशीपर्यंत बांगडे होते ती नाव बीडच्या पाण्याने आणि वॉशिंग पावडरने धुतली जाई आणि नाववाल्याची बायको ते दृश्य बघायला शेजारणींना बोलावून आणी. मग दाजी वाळूत मांडी घालून, लिंग तळहातावर घेऊन पूजा करत. ती होईपर्यंत ते पाण्याचा थेंब घेत नसत, आणि तोवर समोरचा समुद्रही थोडा थांबल्यासारखा वाटे. दुर्बीण त्यांनी औरंगाबादहून आणली होती. तेव्हा परदेशी वस्तू उघड मिळायला नुकत्याच लागल्या होत्या आणि दुकानदाराने ती लष्करी आहे असं सांगून दिली होती. तिच्यातून डाव्या डोळ्याला सगळं दोन दिसे. दाजी उजवा डोळा लावत आणि डाव्याने हिशेब करत.

पक्ष्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती आणि शिकायचीही नव्हती. मी कॉलेजच्या लायब्ररीतून एक जाड पुस्तक आणून दिलं. त्यांनी ते पानन्‌पान चाळलं आणि परत केलं. "हे समदे फोटोला उभं राहिल्यावानी उभे हायत. माझा एकबी असा उभा राहत न्हाई." त्यांनी आपल्या दुकानातून नावं दिली. दुभंगलेल्या शेपटीचा तो कात्री. वाकड्या लांब चोचीचा तो विळा. खडकावर पंख पसरून वाळत बसणारा काळा पक्षी म्हणजे ताडपत्री. आकड्यासारख्या चोचीचा, मोठा, एकटाच फिरणारा गरुड होता, त्याला ते पान्हा म्हणत, कारण त्याने धरलं की सुटत नाही. या सगळ्यांत एक तरी पक्षी शाकाहारी असलाच पाहिजे अशी त्यांची पहिली काही वर्षं श्रद्धा होती. एवढ्या मोठ्या जमातीत एकालाही सुबुद्धी झाली नसेल हे त्यांना पटत नव्हतं. एकदा एका पांढऱ्या पक्ष्याने त्यांनी टाकलेला उंडा हवेतल्या हवेत झेलला आणि दाजींचा चेहरा उजळला. पुढच्याच क्षणी त्याने पाण्यातून मासा उचलला. दाजींनी हातातला दुसरा उंडा परत डब्यात ठेवला. नंतर म्हणाले, "पूर्वीची सवय आसंल."

पण त्यांचं खरं दुःख वेगळं होतं. त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. गल्लीत सगळी दुकानदारांची घरं, ओळखीची, नात्यातली. समोर भुसार मालाचं दुकान चालवणारे आप्पा होते आणि ते दाजींच्या समुद्राचे कायमचे विरोधी पक्षनेते. दाजी सांगत, तिथे एक डोंगर आहे, पक्ष्यांच्या शिटांनी असा पांढरा की लांबून चुना दिल्यासारखा दिसतो. आप्पा विचारत, "अन् चुना द्यायचं टेंडर कुणाला गेलतं?" दाजी सांगत, पाण्याखालून एक म्हशीएवढं जनावर मासे हाकत आणतं आणि वरून शेकडो कात्र्या एकदम खाली पडतात. हे समजावताना ते गवंड्याचा ओळंबा हातात घेऊन गल्ल्यावरून सोडत, तो खालच्या लोखंडी पाटीवर आदळला की म्हणत, "अस्सं." आप्पा म्हणत, "बे, म्हशीला पाण्यात बघितलंय आमी. ती काय हाकीत न्हाई." एका वर्षी दाजींनी कॅमेरा नेला, रोल धुवून आणला. सगळ्या फोटोंत आकाश, पाणी आणि मध्ये काळे ठिपके. आप्पांनी फोटो उजेडाला धरून पाहिले. "कॅमेऱ्यात माशा बसल्यात," ते म्हणाले. तेव्हा गल्लीत केबल नुकतंच आलं होतं आणि एका इंग्रजी चॅनेलवर रात्रंदिवस जनावरं दिसत. तिथला देवमासा आप्पा तोंड उघडं टाकून बघत. त्यावर त्यांचा विश्वास होता, कारण तो परदेशातला होता.

साक्षीदार न्यायचा प्रयत्न दाजींनी केला होता. दोन-तीनदा गल्लीतले लोक फुकट जीप म्हणून निघालेही. पण कोल्हापूर लागलं की ते देवीच्या दर्शनाला उतरत, दर्शनानंतर चपला घेत, चपलांनंतर गूळ घेत, आणि "तुमी या जाऊन, आमी हितंच हाव" असं सांगत. मी दोनदा समुद्रापर्यंत गेलो होतो, पण माझी साक्ष गल्लीने मानली नाही. मी मेहुणा, म्हणजे पक्षातला, आणि वर पुस्तकं वाचणारा. शेवटी आप्पांनीच अट घातली. "अक्कानं बघून सांगावं. ती म्हणली तर मी मानतो, अन् पुन्हा तोंड उघडत न्हाई."

ही अट किती अवघड होती हे कळायला अक्का माहीत हवी. तिच्या शब्दाला गल्लीत कोर्टापेक्षा जास्त किंमत होती, कारण तिला गोड बोलता येत नसे. एका लग्नात खीर करपली होती आणि सगळे वाहवा करत खात होते. वधूपित्याने हात जोडून विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, "करपलीय. पण पुऱ्या चांगल्या झाल्यात." वधूपिता त्यानंतर प्रत्येक कार्याला आचारी ठरवण्याआधी तिला विचारू लागला. अशी ही बाई नवऱ्याच्या समुद्राबद्दल एक अक्षर बोलत नसे. दाजी जेवताना कात्री-पान्ह्याच्या कथा सांगत आणि ती भाकरी थापत राही. ऐकते आहे की नाही, ते तव्यालाच ठाऊक. दाजी मला मध्ये घालत. "मास्तर, तुमची भन हाय. कावून येत न्हाई, विचारा की एकदा." मी विचारलं. ती म्हणाली, "येळवसला वावरात जातात. पाण्यात काय पेरलंय यांनी?" मी हे उत्तर थोडं सौम्य करून दाजींना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि त्या वर्षीही एकटेच गेले. आप्पांची थट्टा त्यांना सोसत होती. घरातलं ते गप्प राहणं सोसत नव्हतं. एकदा मला म्हणाले, "आप्पा खोटं म्हणतंय ते ठीक हाय. पण हिलाबी तसंच वाटत आसंल का?"

मग एका वर्षी आमच्या थोरल्या भावाने सगळ्या शेतात ऊस लावला. कारखाना जवळ झाला होता, सगळीकडे उसाचंच बोलणं होतं. येळवसच्या आठ-दहा दिवस आधी अक्काने निरोप पाठवला, कोप कुठे घालणार. भाऊ म्हणाला, बांधावर घालू. अक्का स्वतः जाऊन बघून आली. डोक्याच्या वर गेलेला ऊस, आत शिरायला जागा नाही, शिंपायला ज्वारीचं एक धाट नाही. घरी येऊन तिने पिशवी खाली ठेवली आणि दाजींना म्हणाली, "जीप सांगा. कुठं न्यायचं तिथं न्या." दाजी तेव्हा खिळे मोजत होते. त्यांनी सगळे खिळे पुन्हा पेटीत ओतले.

मीही बरोबर निघालो. त्या प्रवासात दाजी एखाद्या नवऱ्या मुलासारखे अवघडून बसले होते. अक्काने आंबिलीचं मडकं मांडीत धरलं होतं आणि कोल्हापूर आलं तरी ती उतरली नाही. बंदरावर नाव दोनदा धुतली गेली. नाववाल्याने आकाशाकडे, पाण्याकडे आणि अक्काकडे पाहून सांगितलं, "आज मासळी वयर इली हा. नशीबवान आसात." दाजींनी दुर्बिणीचा पट्टा अक्काच्या गळ्यात घातला आणि उजवा डोळा लावायचा हे दोनदा समजावलं.

किनारा मागे पडायच्या आतच अक्काला बस लागावी तशी नाव लागली. आधी ती ताठ बसून होती, मग तिने दुर्बीण काढून ठेवली, मग पदर तोंडावर घेऊन फळ्यांवर आडवी झाली. दाजी तिच्या डोक्याशी बसले. लिंबू कापलं, तिच्या नाकाशी धरलं. लाटा येत होत्या त्या दिशेला त्यांनी आपली पाठ केली, म्हणजे पाणी तिच्यावर उडू नये. बेटं त्यांच्या पाठीमागे होती. आणि त्या दिवशी त्या बेटांवर जे चाललं होतं ते मी आधीच्या दोन खेपांत पाहिलं नव्हतं. नाववाल्यानेसुद्धा इंजिन बंद केलं. पांढरा डोंगर हलल्यासारखा झाला आणि त्याचा अर्धा भाग उडाला. खालून पाणी उकळत होतं, त्यातून करड्या पाठी वर येत होत्या, श्वास सोडत होत्या, परत जात होत्या, आणि वरून पक्षी एकामागून एक पडत होते. "शेटानू, बघा, फाटी बघा," नाववाला सांगत होता. दाजींनी अक्काच्या कपाळावरचा हात काढला नाही. "तुमी बघा, मास्तर," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "अक्का, दोन मिनिटं उठतेस का?" ती पदराआडून म्हणाली, "मला हात लावू नको." दाजींनी नाववाल्याला खूण केली, माघारी चल. तो माझ्याकडे बघू लागला. मीही तीच खूण केली.

काठावर उतरल्यावर अक्काने बीडच्या पाण्याने तोंड धुतलं आणि विचारलं, "झालं का बघून?" दाजी म्हणाले, "झालं."  उंडे आणि भज्जी खाऊन झाल्यावर तिने मडकं उचललं आणि ओल्या वाळूवरून आंबील शिंपत निघाली. बरंच अंतर गेल्यावर थांबून तिने मागे पाहिलं. "कुठवर जायचं? बांध कुठं हाय?" दाजी म्हणाले, "न्हाई हितं बांध." ती आंबील संपेपर्यंत चालत राहिली.

परत आल्यावर आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात आले. सोबत गल्लीतले चार लोक होते. अक्का आतून चहा घेऊन आली होती. दाजी तराजूवर चुका, म्हणजे बारीक खिळे, तोलत होते आणि त्यांनी वर पाहिलं नाही. आप्पांनी कप हातात घेतला. "हां अक्का, काय ते सांगा आता. डोंगर हाय का?" मी दाराशी उभा होतो. अक्काला खोटं बोलता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून मी रस्त्याकडे बघू लागलो.

"हाय," अक्का म्हणाली. "चुना दिल्यावानी. पण नगरपालिका देती तसा पातळ न्हाई, दोन हात दिलेला." मग तिने ट्रे खाली ठेवला आणि पदर खोचला. "अन् ती कात्री हाय का, शेपटीची, ती वर थांबती. खाली बघती. मग पंख मिटून पडती ते ओळंबा सोडल्यावानी. पाण्याला लागली की आवाज होतो, टच्च. एक न्हाई, शंभर. अन् खालून ते जनावर. त्याची पाठ नव्या पत्र्यावानी, अन् सुस्कारा टाकतं म्हशीवानीच, त्यात तुमचं आप्पा काय चुकलं न्हाई. ताडपत्री बाजूला बसलेली, तिला कशाचं काय न्हाई. पान्हा येकटाच. त्यानं धरलं की सोडत न्हाई." ती एवढं सलग बोललेली मी कधी ऐकलं नव्हतं. आप्पांचा चहा निवला. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला आणि म्हणाले, "मग हाय म्हणा की." अक्का ट्रे उचलून आत गेली. दाजींच्या हातातल्या मूठभर चुका तराजूच्या वर तशाच होत्या.

त्यानंतर दुकानातला समुद्र हळूहळू ओसरला. कोणी विचारलं तर दाजी म्हणत, "घरात इचारा, तिनं बघितलंय." पुढच्या वर्षी भावाने निम्म्या शेतात पुन्हा ज्वारी केली आणि येळवसला अक्का निघाली तेव्हा दाजी जीपमध्ये तिच्याशेजारी बसलेले होते. समुद्राचं मी विचारलं. "हाय की तिथंच, पळून चाललाय का," ते म्हणाले, पण नंतरच्या कोणत्याही येळवसला ते तिकडे गेले नाहीत. सासऱ्याच्या कोपीत मधोमध बसून त्यांनी पहिला उंडा निमूट खाल्ला.

जेवणानंतर आम्ही दोघे कोपीच्या सावलीला आडवे झालो. अक्का पलीकडे भांडी आवरत होती. दाजींनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोप लागली. मग ते हळूच म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुमी समदं बघितलं. कसं होतं?"

मी सांगायला लागलो. वर थांबते, खाली बघते, पंख मिटून ओळंब्यासारखी पडते, पाण्याला लागली की आवाज होतो. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की ही सगळी अक्काची वाक्यं आहेत आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांच्यामागे कुठे गेलं ते मला सापडत नाही.

"लई होते का?" दाजींनी विचारलं.

"लई," मी म्हणालो. "डाव्या अंगाला तर नुसता पाऊस पडत होता पक्ष्यांचा."

"डाव्या न्हाई," अक्का भांड्यांतून मान वर न करता म्हणाली. "उजव्या."

"हां, उजव्या," मी म्हणालो.

दाजींनी डोळे न उघडता मान किंचित उजवीकडे वळवली.